पावसाळ्यात झाडं पिवळी पडतात: खानापूर, बेळगाव आणि अथणीत कारण वेगळं, उपायही वेगळा

आर्द्रा लागल्या की पंधरा दिवसांत बेळगाव भागातल्या परसात आणि गच्च्यांवर एकच तक्रार सुरू होते: झाडं पिवळी पडली. जास्वंद, गुलाब, लिंबू, कढीपत्ता, मोगरा, मिरची, कशालाही सूट नाही. मग कोणी मूठभर युरिया टाकतं, कोणी एप्सम सॉल्ट फवारतं, कोणी ताक ओततं, कोणी कुंडीत गंजके खिळे खोचतं. एखादं झाड सावरतं, बाकीची गळून जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

पिवळं पान हे निदान नाही, ती नुसती खूण आहे. ती तीन वेगळ्या दुखण्यांची असू शकते, आणि आपल्या एकाच जिल्ह्यात ती तिन्ही दुखणी तीन पट्ट्यांत नांदतात. कणकुंबी-जांबोटीकडे घाटमाथ्याचा धो धो पाऊस आणि आंबट जांभी माती. बेळगाव शहरात वर्षाला साधारण सव्वा हजार मिलिमीटर पाऊस, पण तो जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस रिपरिपत राहतो आणि ऊन दिसत नाही. अथणी-रायबागकडे पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर, त्याचा जोर सप्टेंबरमध्ये, माती काळी, चुनखडीची, आणि बोअरचं पाणी जड. खानापुरात लागू पडलेला उपाय अथणीत उलटतो, तो यामुळे. पुण्या-मुंबईच्या बागकाम दिनदर्शिकेप्रमाणे तारखा पाळल्या तर या तिन्हींपैकी एकाही ठिकाणी ती कामं वेळेवर होत नाहीत.

आधी पान, मग मूळ

खताच्या पिशवीला हात लावण्याआधी झाडाजवळ बसून कोणतं पान पिवळं आहे ते बघा. निम्मं निदान इथेच होतं.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्यागार, जणू जाळी काढली आहे अशा: ही लोहाची कमतरता. लोह झाडात एकदा जिथे बसतं तिथून हलत नाही. म्हणून जुनी पानं हिरवी राहतात आणि नवी उपाशी राहतात. काळ्या चुनखडीच्या जमिनीची ही ठळक खूण. उसाच्या पट्ट्यात यालाच केवडा पडला म्हणतात.

बुडातली जुनी पानं सरसकट फिकी, शिरांसकट पिवळी, आणि झाडाची वाढ थांबलेली: नत्र कमी पडलंय. नत्र झाडात फिरतं, त्यामुळे झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. जुन्या पानाच्या कडेकडून आणि शिरांच्या मधून पिवळेपणा येत असेल, मधला भाग आणि शिरा हिरव्या राहत असतील, तर मॅग्नेशियम कमी आहे. ही दोन्ही दुखणी अति पावसाच्या जांभ्या मातीत आढळतात, कारण पाणी ती धुऊन नेतं.

वरची-खालची सगळीच पानं मरगळलेली, पिवळी, थोडा धक्का लागला तरी गळणारी, आणि माती मात्र ओली: मुळं कुजली आहेत. हा प्रकार सगळ्यात घातक. मुळं कुजल्यामुळे झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून ते तहानलेल्यासारखं दिसतं, आणि बघणारा त्याला आणखी पाणी घालतो.

शंका असेल तर कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरं किंवा पिवळसर, ताठ, चिमटीत दाबलं तरी टणक लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं असतं; चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा धागा राहतो. वासावरूनही कळतं: सडक्या अंड्यासारखा वास आला तर मातीत हवा शिल्लक नाही. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचं, म्हणजे मुळात शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांचं काम. मिरची, वांगी, टोमॅटोत हे हमखास असतं, आणि त्या मातीचं पुढे काय करायचं ते खाली दिलं आहे. (चवळी, घेवडा, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठी घाबरण्यासारख्या नाहीत; त्या नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या असतात आणि नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ मुळातच फुगलेली असते, सुटत नाही.)

बेळगाव शहर आणि आसपास: मुळं कुजण्याचा त्रास

टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव, कंग्राळी, या भागात पावसाळ्यात दगावणाऱ्या कुंडीतल्या झाडांपैकी बहुतेक झाडं मूळकुजीने जातात. पाऊस पडतो म्हणून नाही, पडलेलं पाणी कुंडीतून निघत नाही म्हणून. जुलैत गारवा, ढग आणि सततची ओल असते. झाड पाणी पीत नाही, ऊन पाणी उडवत नाही. अशा वेळी निचरा हा एकच मार्ग उरतो, आणि तोच बंद असतो.

तपासायला सोपी चाचणी आहे. १२ इंची कुंडीत एक लिटर पाणी एकदम ओता. पाणी एक-दोन मिनिटांत वरून दिसेनासं झालं पाहिजे आणि थोड्याच वेळात खालून ठिबकलं पाहिजे. दहा मिनिटं पाणी वर तुंबून राहिलं तर त्या कुंडीतलं झाड पावसाळा काढणार नाही, मग खत कितीही चांगलं असो. जमिनीतल्या झाडासाठी एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढून पाण्याने भरा, पाणी जिरू द्या, पुन्हा भरा, आणि दुसऱ्या वेळी तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला एक इंचापेक्षा कमी उतरलं तर तिथे वाफा उंच करावाच लागेल.

निचरा का अडतो याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे कुंडीचा तळ गच्चीच्या फरशीला चिकटलेला असतो. छिद्रं आहेत, पण फरशीने ती बुजवली आहेत. मंगळुरी कौलाचे किंवा विटेचे तीन तुकडे खाली सरकवून कुंडी इंच-दीड इंच उचला. जूनच्या पहिल्या आठवड्यात एवढं एक काम केलं तरी निम्मी झाडं वाचतात. कुंडीखालच्या ताटल्या पाऊस सुरू होण्याआधी काढून ठेवा. त्या उन्हाळ्यासाठी असतात, आणि पावसात त्यात डासही होतात. प्लास्टिकच्या कुंडीला एकच भोक असेल तर तापवलेल्या सळईने बोटाएवढी आणखी चार पाडा, त्यातली दोन तळाच्या अगदी कडेला, बाजूच्या भिंतीत.

तळाशी खडीचा थर घालण्याची सवय मात्र सोडा. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली सुटतं. त्यामुळे खडीने ओला पट्टा उलट वर सरकतो, मुळांच्या जवळ येतो, आणि मातीची जागाही वाया जाते. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा डासांच्या जाळीचा चौकोन पुरे. निचरा सुधारायचा असेल तर मिश्रण सगळंच भुसभुशीत करायला हवं.

शहराच्या आसपासच्या तांबड्या मातीत बारीक गाळ बराच असतो आणि पावसाच्या माऱ्याने ती दगडासारखी बसते. तिच्यासाठी प्रमाण: दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग जाड वाळू, एक भाग भाताचं तूस. तूस इथल्या भाताच्या गिरण्यांत सहज मिळतं. अर्धवट जाळून काळं केलेलं तूस सगळ्यात उत्तम: ते हलकं राहतं आणि लवकर कुजत नाही. कच्चं वापरायचं झालं तर तीन-चार आठवडे ओलं करून ढीग लावून ठेवा, नाहीतर कुजताना ते मातीतलं नत्र खातं आणि झाड पुन्हा पिवळं पडतं. वाळू बांधकामाच्या चाळणीवर राहते ती, बाजरीच्या दाण्याएवढी. बारीक वाळू मातीच्या फटी बुजवते. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) पावसाळी मिश्रणात एक पंचमांशापेक्षा जास्त नको, ते पाणी धरून ठेवतं. येळ्ळूर-शहापूर बाजूची भातशेतीची काळी माती कुंडीत वापरणाऱ्यांनी खाली अथणीसाठी दिलेलं प्रमाण घ्यावं.

मुळं कुजायला लागलेलं झाड वाचवायचं असेल तर वेळ घालवू नका. झाड मातीसकट बाहेर काढा, माती झटका, पाण्याखाली धरून मुळं उघडी करा. कात्री स्पिरिटने पुसून काळी-मऊ मुळं पांढऱ्या भागापर्यंत कापा. जेवढी मुळं गेली त्या मानाने वरचा विस्तारही कमी करा, साधारण एक तृतीयांश, आणि फुलं-कळ्या सगळ्या काढा. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात कालवून त्यात मुळं दहा-पंधरा मिनिटं बुडवा. मग नव्या मिश्रणात लावा. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन इंचच मोठी घ्या. मोठ्या कुंडीतली रिकामी माती ओली राहते आणि कूज परत येते. जुनी माती शुद्ध केल्याशिवाय (रीत शेवटी दिली आहे) दुसऱ्या कुंडीत वापरू नका. एकदा पाणी घाला, पावसाच्या आडोशाला पण उजेडात ठेवा, आणि बोटाची दोन पेरं मातीत घालून कोरडं लागेपर्यंत पुन्हा पाणी नको. नवा कोंब फुटेपर्यंत कसलंही खत नको. जखमी मुळांना ते जाळतं. मुळं तीन चतुर्थांशाहून जास्त कुजली असतील तर झाडाचा नाद सोडा. वरच्या निरोगी फांदीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या वाळूत लावा. जास्वंद, मोगरा आणि अबोली या दिवसांत काडीवर चांगली फुटतात.

ट्रायकोडर्मा ही कूज आणणाऱ्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी, ती कूज येण्याआधी द्यायची असते. झाड माना टाकल्यावर ती फार काही करत नाही. मेच्या शेवटी १ किलो कुजलेल्या शेणखतात १० ग्रॅम पूड मिसळा, हाताला ओल जाणवेल इतपत पाणी शिंपडा, सावलीत पोत्याखाली आठ-दहा दिवस झाकून ठेवा. वर पांढरट-हिरवी बुरशी दिसली की ती तयार झाली. १२ इंची कुंडीला दोन मुठी वरच्या मातीत मिसळा. तांब्याचं कुठलंही बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा यांच्यात पंधरा दिवसांचं अंतर हवं, कारण तांबं तिलाही मारतं.

गुलाबाची पानं काळे ठिपके पडून पिवळी होत असतील तर ते मुळांचं दुखणं नाही, पानावर ओल राहिल्याचं आहे. ठिपक्यांची पानं रोज तोडून जाळा, कुंड्या हातभर अंतरावर ठेवा, उघडीप मिळेल तेव्हा मॅन्कोझेब २ ग्रॅम प्रति लिटर पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा. थंड, ओल्या हवेत तांब्याच्या फवाऱ्याने गुलाबाची कोवळी पानं करपतात, म्हणून गुलाबाला या दिवसांत बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, नको.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा: धुपून गेलेली माती

इथे निचऱ्याचा प्रश्न उलटा असतो. जांभी माती सच्छिद्र, पाणी उतरतं, पण उतरताना नत्र, पालाश, चुना, मॅग्नेशियम सगळं घेऊन जातं. म्हणून जूनच्या सुरुवातीला भरभरून घातलेलं खत जुलै उजाडेपर्यंत ओढ्याला लागलेलं असतं, आणि ऑगस्टमध्ये बुडातली पानं पिवळी पडतात.

उपाय खत वाढवण्यात नाही, विभागण्यात आहे. एकूण मात्रा तीच, पण चार-पाच हप्त्यांत, आणि प्रत्येक हप्ता उघडीप बघून. १२ इंची कुंडीला दर तीन-चार आठवड्यांनी एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन मुठी गांडूळ खत पुरतं. शेंगदाण्याची पेंड भर पावसात वर टाकू नका, तिच्यावर बुरशी येते आणि अळ्या पडतात. फार पिवळं झालेल्या झाडाला १९:१९:१९ हे विद्राव्य खत २ ग्रॅम प्रति लिटर, कुंडीला अर्धा लिटर, दहा-बारा दिवसांनी. मॅग्नेशियमची खूण दिसली तर एप्सम सॉल्ट ५ ग्रॅम प्रति लिटर फवारा, दोन वेळा, दहा दिवसांच्या अंतराने. या पट्ट्यात एप्सम सॉल्ट खरंच काम करतं, आणि म्हणूनच त्याची शिफारस तोंडोतोंडी सगळीकडे पोचली.

माती आंबट असल्यामुळे चुन्याची गरज इथेच पडते. पावसाच्या महिनाभर आधी १२ इंची कुंडीला एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम, डोलोमाईटची पूड वरच्या मातीत मिसळा. डोलोमाईटमध्ये चुन्याबरोबर मॅग्नेशियमही येतं, म्हणून साध्या चुन्यापेक्षा ते बरं. चुना आणि शेणखत किंवा युरिया एकाच वेळी घालू नका. नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. दोन्हींत तीन आठवडे जाऊ द्या. चुलीची राख चालते, पण कुंडीला महिन्यातून एक चमचाच. निळ्या हायड्रेंजियाला आणि अननसाला चुना-राख काही नको. त्यांना आंबट मातीच मानवते.

वरची माती पावसाच्या थेंबांनी उडू नये म्हणून कुंडीवर आणि वाफ्यावर पिंजर किंवा सुका पाला दोन इंच पसरा, खोडापासून चार बोटं जागा सोडून. पाला खोडाला चिकटला तर तिथूनच साल कुजते. टोमॅटो, मिरची, शेवंती, गुलाब या नाजूक झाडांवर मांडवासारखं, उतार दिलेलं पारदर्शक प्लास्टिक हवं, चारी बाजू उघड्या ठेवून. बाजू बंद केल्या की आत वाफ धरते आणि भुरी, करपा दोन्ही येतात.

लिंबू, मिरीचे वेल आणि सुपारी यांना पाऊस लागण्यापूर्वी एकदा आणि लांबची उघडीप मिळाल्यास पुन्हा एकदा १ टक्का बोर्डो द्या. एक लिटरला १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये विरघळवा, चुना गाळून घ्या, मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतत ढवळत राहा. तयार झाल्यावर घासलेला लोखंडी सुरा मिनिटभर त्यात धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, झाड करपेल. थर चढणं थांबेपर्यंत चुन्याची निवळी घाला. हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचं असतं, दुसऱ्या दिवशी ते पानाला धरत नाही.

अथणी, रायबाग, कागवाड, उगार: लोह आहे, पण झाडाला मिळत नाही

या भागात पिवळं पान बघून युरिया टाकला तर झाड आणखी पिवळं होतं. नत्राने नवी पालवी जोरात फुटते, तिला लोह लागतं, आणि ते मिळत नाही.

काळ्या मातीत लोह भरपूर असतं. पण माती चुनखडीची, तिचा सामू (पीएच, मातीच्या आंबटपणाचं माप; सात म्हणजे मधला, त्याखाली आंबट) आठच्या वर, आणि त्या सामूला लोह विरघळत नाही. पाऊस पडून माती तुंबली की मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड बाहेर निघत नाही, तो चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार होतं, आणि मुळांना लोह घेणं आणखी अवघड जातं. म्हणून हा पिवळेपणा पावसात उठतो आणि माती सुकली की कधी कधी आपोआप जातो. गंजके खिळे खोचून उपयोग नाही तो याच कारणाने: गंज म्हणजे न विरघळणारं लोह, आणि ते मातीत आधीच आहे. ताकानेही चुनखडीचा सामू हलत नाही.

चुनखडी आहे का ते घरीच बघता येतं. वाळलेल्या मातीचं ढेकूळ फोडून त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. फसफस ऐकू आली, बुडबुडे दिसले, की चुनखडी आहे. अशा मातीत चुना, राख, अंड्याच्या टरफलांची पूड, यातलं काहीही घालू नका.

लगेच दिसणारा उपाय म्हणजे हिराकस, फेरस सल्फेट, पानावर. एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, विरघळवा, मग ५ ग्रॅम हिराकस. क्रम उलटा केला किंवा जड बोअरचं पाणी घेतलं तर पाणी तपकिरी होतं आणि तळाला गाळ बसतो. ते फवारणं म्हणजे गंज फवारणं. पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. हिराकस फिकट हिरवी असेल तरच विकत घ्या. पिवळी-तपकिरी झालेली निकामी. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारा, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. फवाऱ्यानंतर नवी पानं हिरवी निघतात; आधीची अगदी पांढरट झालेली पानं पूर्ण सावरत नाहीत, त्यांच्यावरून निकाल लावू नका. फरशीवर थेंब पडले तर लगेच धुवा, डाग जात नाही.

मुळांतून लोह द्यायचं असेल तर चिलेटेड लोहाच्या, म्हणजे मातीत विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात धरलेल्या लोहाच्या, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर टिकत नाही. ते अथणीच्या मातीत घालणं म्हणजे पैसे पाण्यात. इथे ईडीडीएचए लिहिलेलं, गडद लालसर पूड असलेलं घ्यावं लागतं. महाग आहे, पण सामू नऊपर्यंत काम करतं. १ ग्रॅम प्रति लिटर, १२ इंची कुंडीला अर्धा ते एक लिटर, संध्याकाळी, ओल्या मातीत. लिंबाची नवी पानं पिवळी असण्याबरोबर अगदी बारीक, अरुंद निघत असतील तर जस्तही कमी आहे: ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुन्याची निवळी प्रति लिटर, वेगळी फवारणी.

दुसरा त्रास क्षारांचा. बोअरचं पाणी उकळल्यावर भांड्याला पांढरी पुटं बसत असतील, कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर उन्हाळाभर तिथे क्षार साठले आहेत. पहिल्या हलक्या सरी ते क्षार धुऊन टाकत नाहीत, वरून ढकलून थेट मुळांपाशी आणतात. म्हणून जूनमध्ये पानांच्या कडा करपतात आणि दोष पावसाला दिला जातो. आधी वरचा अर्धा इंच मातीचा थर खरवडून फेका. मग पावसाचं पाणी कुंडीच्या मापाच्या दुप्पट, १२ इंची कुंडीला २५ ते ३० लिटर, तीन हप्त्यांत अर्ध्या तासाच्या अंतराने घाला आणि खालून वाहू द्या. याआधी निचऱ्याची चाचणी करून घ्या, नाहीतर क्षार जातील आणि मुळं कुजतील. पत्र्याचं किंवा गच्चीचं पाणी धरताना पहिली सर सोडून द्या. वर्षभर बोअरच्याच पाण्यावर भागवायचं असेल तर आठवड्यातून एकदा ५ लिटर पाण्यात १ ग्रॅम लिंबूसत्व घालून ते द्या. गंधकाची पूड घालायची शिफारस होते, पण तिला परिणाम दाखवायला महिने लागतात, आणि चुनखडी जास्त असेल तर ती आधी चुनाच खाते.

कुंडीसाठी काळी माती एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. एक भाग काळी, एक भाग तांबडी माती किंवा चाळलेला मुरूम, एक भाग कुजलेलं खत, एक भाग जाड वाळू किंवा जळकं तूस. काळ्या मातीत दोन-चार मुठी वाळू घातल्याने काही होत नाही. चिकणमाती वाळूच्या दाण्यांना गिळते आणि आणखी घट्ट बसते. जमिनीत लावायचं असेल तर वाफा एक फूट उंच, आणि ऑगस्ट संपायच्या आत बाजूने चर काढलेला.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर

इथे माती अथणीच्या वळणाची आणि पाऊस अथणी-बेळगावच्या मधला, त्यामुळे मूळकूज आणि लोहाची कमतरता दोन्ही एकाच बागेत, कधी एकाच झाडावर दिसतात. मुळं आधी बघा. मुळं कुजलेली असताना हिराकस फवारून झाड वाचत नाही. मुळं चांगली असतील तरच लोहाकडे वळा.

निपाणी भागात तंबाखूची भुकटी सहज मिळते आणि किडीवर म्हणून ती कुंड्यांत टाकली जाते. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या आसपास ती नको. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो, या पिकांना लागतो, आणि त्याचीही पानं पिवळी-हिरवी चट्ट्यांची होतात, ज्यावर औषध नाही. तंबाखू हाताळलेल्या हातांनी रोपं लावण्याआधी साबणाने हात धुवावेत, ते याच कारणासाठी.

कोणतं काम कधी

खानापूर पट्ट्यात कुंड्या बदलणं, छाटणी, चुना, बोर्डो, ही सगळी कामं वळवाच्या पावसात, मेअखेरपर्यंत उरकली पाहिजेत. मृगानंतर मुळांना हात लावू नका, फांदीही कापू नका. ओल्या हवेत प्रत्येक जखमेतून बुरशी आत शिरते. काकडी, दोडका, भोपळा मेच्या शेवटच्या आठवड्यात टोका म्हणजे मोठा पाऊस लागेपर्यंत वेल मांडवावर चढलेला असतो. मिरची-टोमॅटोची रोपं ऑगस्टच्या अखेरीस आडोशाला तयार करा आणि सप्टेंबर सरता लावा.

बेळगावात कुंड्या बदलायला मेचा दुसरा पंधरवडा उत्तम; तो हुकला तर थेट सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पाऊस ओसरल्यावर. तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे जुलैभर, फक्त निचरा बघणं आणि रोगट पानं तोडणं एवढंच. दसऱ्याच्या झेंडूचं बी जुलैच्या मध्याला, पण कौलाखाली किंवा प्लास्टिकखाली. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. त्यानंतर साधारण दीड महिन्याने फुलं येतात. नोव्हेंबरपासून कोरड्या थंडीत गुलाबावर भुरी येते, तिला पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर.

अथणीकडे कुंड्या बदलायला जून-जुलै चालतो, किंबहुना तोच काळ बरा, कारण उन्हाचा ताप उतरलेला असतो आणि पाऊस बेताचा. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो तेव्हा पाणी द्यायला विसरू नका. इथला खरा पावसाळा उत्तरा-हस्ताचा; गुलाबाची छाटणी तो सरल्यावर, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. फेब्रुवारीपासून वाफ्यांवर उसाचं पाचट तीन इंच पसरा आणि मार्च-मेमध्ये ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा, म्हणजे पाणी कमी लागतं आणि क्षारही कमी साठतात.

सूत्रकृमीची किंवा कुजीची माती तिन्ही पट्ट्यांत एप्रिल-मेमध्येच शुद्ध होते. माती ओलसर करून सहा इंचांचा थर पसरा, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीने दाबा, चार ते सहा आठवडे भर उन्हात ठेवा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. उघडल्यावर निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्माचं खत मिसळून मगच वापरा.

हे करूनही सलग दोन पावसाळे तोच त्रास होत असेल तर माती तपासून घ्या. मत्तिकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळचं रैत संपर्क केंद्र (शेती खात्याचं कार्यालय) इथे चौकशी करा. एकाच मिश्रणाच्या चार-पाच कुंड्यांतून वरचा इंचभर थर बाजूला सारून माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत द्या. युरियाच्या रिकाम्या पिशवीत नेलेल्या नमुन्याचा निकाल चुकतो. सामू, क्षारता, चुनखडीचं प्रमाण आणि सेंद्रिय कर्ब मागा. सामू साडेपाचच्या खाली आला तर चुना. आठच्या वर आला तर चुना-राख बंद आणि लोहाचा विचार. क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर आधी माती धुणं, बाकी सगळं नंतर. नमुना मार्चमध्ये दिला तर निकाल वळवाच्या कामांआधी हातात येतो.